अँटिबॉडी निघाल्या, मग वाईट काय झालं?

गेल्या गणपतीत इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या आमच्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायचं काम होतं आणि शेजारच्या काकूंकडे रक्त देऊन उठलेल्यांना सरबत-बिस्किटं द्यायचं. रक्तपेढीचा मुलगा एका रक्तदात्याला सांगत होता की प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया. एचआयव्हीच्या तपासणीत मुख्यतः रक्तात अँटिबॉडी आहेत का ते बघतात. काकू ट्रे हातात घेऊन तिथेच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, करोनात अँटिबॉडी निघाल्या की आपण सुटलो म्हणायचो. मग ह्या रोगात निघाल्या तर माणूस एवढा का हादरतो? अँटिबॉडी म्हणजे शरीर लढतंय, म्हणजे चांगलंच ना?"

वीस वर्षं मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता. समोर रांग होती म्हणून "आरतीनंतर सांगते" म्हणाले. आरतीनंतर बसलो ते साडेदहा वाजले. त्या दिवशी सांगितलं ते आणि घाईत राहून गेलं ते, दोन्ही इथे लिहिते आहे.

काकूंचं निम्मं बरोबर आहे. एचआयव्ही अंगात शिरला की शरीर मुकाट्यानं बसत नाही. काही आठवड्यांत अँटिबॉडी तयार होतात आणि भरपूर होतात. गोवर झाल्यावरही असंच होतं. पण गोवरात विषाणू शरीरातून पुरता निघून जातो आणि पुन्हा आलाच तर ओळखीच्या चोरासारखा दारातच पकडला जातो. एचआयव्हीत अँटिबॉडी असतात आणि विषाणूही असतो, दोघं एकाच रक्तात वर्षानुवर्षं. म्हणून इथे अँटिबॉडीचा अर्थ फक्त "विषाणू आलेला आहे" एवढाच होतो. संरक्षण मिळालं असा तो दाखला नव्हे.

असं का होतं? अँटिबॉडीला विषाणूचा पृष्ठभाग हाताशी लागावा लागतो. एचआयव्हीच्या पृष्ठभागावर जे काटे असतात, ज्यांनी तो पेशीला चिकटतो, त्यांच्यावर साखरेच्या रेणूंचं दाट आवरण असतं. काट्याच्या बाहेरच्या भागाचं जवळजवळ निम्मं वजन ह्या साखरेचं. आणि ही साखर चढवते कोण, तर आपलीच पेशी. त्यामुळे शरीराला ती आपल्या घरचीच वाटते. शिवाय काटे मोजकेच. फ्लूच्या विषाणूवर ते शेकड्यांनी असतात, एचआयव्हीवर सरासरी चौदाच्या आसपास. अँटिबॉडीला दोन हात असतात, दोन्ही हातांनी धरलं तर पकड घट्ट बसते. पण काटे इतके दूर दूर की दुसरा हात हवेतच राहतो.

ह्यावर कडी म्हणजे विषाणूचं रूप बदलणं. स्वतःच्या प्रती काढताना तो सतत चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यांतले पुष्कळ ह्या चुकांमुळे निकामी निघतात, पण एखादी चूक अशी असते की अँटिबॉडी त्याला ओळखूच शकत नाही. मग तोच वाढतो. शास्त्रज्ञांनी एकाच रुग्णाचं रक्त आणि त्याच्याच शरीरातले विषाणू महिन्यामहिन्यानं जपून ठेवून ताडून पाहिले. आजच्या रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला व्यवस्थित रोखतात आणि आजच्या विषाणूपुढे मात्र हतबल असतात. शरीर मेहनतीनं कुलूप बनवतं तोवर चोरानं दारच बदललेलं असतं.

आता खरा घाव कुठे बसतो ते सांगते. आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या स्वतः फारसं कुणाला मारत नाहीत. लग्नघरात एक माणूस असतो बघा, आचारी त्यालाच विचारतो, मांडववाला त्यालाच, गुरुजी त्यालाच आणि वरातीच्या घोड्याचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात. सीडी-४ पेशी म्हणजे तो माणूस. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना "बनवा" म्हणणारी तीच, मारेकरी पेशींना दम धरून ठेवायला लावणारीही तीच. एचआयव्ही नेमका तिच्यात शिरतो. तिच्यावरचा सीडी-४ हा रेणू पकडतो, शेजारचा सीसीआर-५ नावाचा दुसरा रेणू पकडतो, आत जातो, स्वतःची आरएनएची चिठ्ठी, म्हणजे नवे विषाणू बनवायच्या सूचना, डीएनएत लिहून काढतो आणि ती पेशीच्या मूळ वहीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या डीएनएत, चिकटवून टाकतो. एकदा चिकटली की पेशीला ती आपलीच वाटते. सुरुवातीच्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशींचा मोठा हिस्सा जातो, आणि त्या वेळी माणसाला फार तर थोडा ताप येऊन गेलेला असतो. निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात ह्या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार नसतील तर वर्षांमागून वर्षं त्या घटत जातात आणि २०० च्या खाली आल्या की त्याला एड्सची अवस्था म्हणतात. मग टीबीसारखे आजार डोकं वर काढतात. लग्नघरात आचारी आहे, शिधा आहे, पाहुणे आहेत, पण पंगत काही बसत नाही.

काकूंनी इथे विचारलं, "मग कुणीच जिंकत नाही का?"

जिंकतात. फार थोडे, पण जिंकतात. आणि ते कसे जिंकतात हे शोधण्यात बॉस्टनच्या ब्रूस वॉकर ह्या डॉक्टरांनी जवळजवळ अख्खी कारकीर्द घातली आहे. मला ह्या विषयात सर्वांत जास्त रस इथेच आहे.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करताना १९८७ साली वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एचआयव्ही झालेल्या लोकांच्या रक्तात, विषाणू शिरलेल्या पेशींना ओळखून मारणाऱ्या सीडी-८ पेशी आहेत, असं त्यांनी दाखवलं. त्या वेळी सगळं लक्ष अँटिबॉडीकडे होतं. इथे दुसरीच फौज कामावर असल्याचं दिसलं.

ही मारेकरी पेशी अँटिबॉडीसारखी विषाणूला बाहेर गाठत नाही. ती घराघरावरून फिरते आणि आत कोण आहे त्याचा अंदाज घेते. आपण गल्लीतून जाताना गच्चीतल्या दोरीवरचे कपडे बघून सांगू शकतो की ह्या घरात तान्हं बाळ आहे, त्या घरात कुणी पोलिसात आहे. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अशीच आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर दोरीवर टांगून ठेवते. विषाणू आत असेल तर त्याच्याही प्रथिनांचे तुकडे वाळत पडतात. सीडी-८ पेशीला ते दिसतात आणि ती त्या पेशीला संपवते. ह्या दोरीचं नाव एचएलए. किडनी ट्रान्सप्लांटच्या वेळी "मॅचिंग झालं का?" असं जे विचारतात, ते ह्याच एचएलएबद्दल. आईवडिलांकडून मिळालेली ही दोरी माणसागणिक वेगळी असते आणि कुणाच्या दोरीवर कुठला कपडा नीट टांगला जातो तेही वेगळं असतं.

साधारण तीनशे संसर्गितांत एखादा असा निघतो की एचआयव्हीवरची गोळी न घेताही त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. अशांना एलिट कंट्रोलर म्हणतात. वॉकर ह्यांच्या पुढाकारानं जगभरातून अशा लोकांचे नमुने गोळा झाले. २०१० साली त्याचा निकाल आला. विषाणू आटोक्यात ठेवणारे हजाराच्या घरातले लोक आणि ज्यांचा आजार वाढत गेला असे अडीच हजारांहून जास्त लोक, ह्यांच्या अख्ख्या जनुकसंचाची तुलना केली. एवढ्या मोठ्या वहीत फरक निघाला तो मुख्यतः एकाच जागी: एचएलएच्या दोरीवर, आणि तिथेही जिथे कपडा अडकवतात त्या खाचेतल्या थोड्या अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांत. एचएलए-बी ५७ नावाचा प्रकार ह्या भाग्यवंतांत बराच आढळतो.

पण कोडं सुटलं नव्हतं. बी ५७ असूनही आजार वाढलेले लोक होते आणि बी ५७ नसतानाही विषाणू दाबून ठेवणारे होते. मारेकरी पेशींची नुसती संख्या बघावी, तर आजारी माणसांतही त्या ढिगानं सापडत होत्या. मग फरक होता कशात?

उत्तर २०१९ मध्ये आलं आणि ते मला इतकं आवडतं की काकूंना मी कागदावर इंदूरचा नकाशा काढून दाखवलं. आपल्या शहरात एखादी गल्ली खोदून ठेवली तर काय होतं? लोक शेजारच्या गल्लीतून जातात, दुसऱ्या दिवशी सवयही होते. पण पलासियाचा चौराहा बंद केला तर? गीताभवनपासून रीगलपर्यंत सगळं ठप्प. रस्ता किती रुंद आहे ह्यापेक्षा त्या जागेला किती वाटा येऊन मिळतात, हे महत्त्वाचं. वॉकर ह्यांच्या गटातले गौरव गैहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या प्रथिनांकडे असंच पाहिलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी. प्रत्येक अमिनो आम्ल घडीत किती इतरांना धरून ठेवतं त्याचा हिशेब त्यांनी मांडला, अगदी शहरातल्या चौकांचा मांडावा तसा. ज्या जागेला जास्त वाटा मिळतात तिथे बदल झाला की विषाणू लंगडा होतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम बदल करून तपासलं. मग कंट्रोलर लोकांच्या सीडी-८ पेशी कुठल्या तुकड्यांवर तुटून पडतात ते बघितलं. त्यांचा मारा ह्या चौकांवरच होता. ज्यांचा आजार वाढला त्यांच्या पेशीही लढत होत्या, पण गल्ल्याबोळांत. विषाणूनं कपड्याचा रंग बदलला आणि तो निसटला. आणि हा नियम ज्यांच्याकडे बी ५७ नव्हता अशा कंट्रोलरांनाही लागू पडला.

ही गोष्ट वाचल्यापासून मी "प्रतिकारशक्ती वाढवा" असली जाहिरात बघितली की थांबते. किती वाढली ह्यानं काहीच कळत नाही. घाव कुठे बसला ते बघायला हवं.

ह्या चौकांपैकी कितीतरी विषाणूच्या आतल्या कवचात आहेत. पी-२४ ह्या एकाच प्रथिनाचे हजाराहून जास्त तुकडे एकात एक बसून शंकूच्या आकाराचं हे कवच बनतं. एक सांधा हलला की सगळी रचना बिघडते, म्हणून विषाणूला तिथे सहज बदल करता येत नाहीत. गंमत अशी की लेनाकापाविर नावाचं नवं औषधही ह्याच कवचावर बसतं. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं असतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे औषध दिलेल्या २१३४ तरुणी नि मुलींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असं २०२४ साली जाहीर झालं. ते प्रतिबंधाचं औषध आहे, लस नव्हे. पण शरीराला जी जागा सापडली होती तीच रसायनशास्त्रज्ञांनाही सापडली, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा एक प्रश्न बरीच वर्षं अडून बसला होता. संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत शरीर नेमकं काय करतं? माणूस तपासणीला येतो तोवर आठवडे, महिने उलटलेले असतात. वॉकर आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले सहकारी ह्यासाठी दरबानजवळच्या उमलाझी वस्तीत गेले. तिथल्या तरुण मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण जगात अत्यंत जास्त. त्यांनी १८ ते २३ वर्षांच्या मुलींसाठी एक कार्यक्रम सुरू केला. आठवड्यातून दोनदा वर्गाला यायचं, नोकरीसाठी लागणारी कौशल्यं शिकायची, आणि दर वेळी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब द्यायचा. त्या थेंबात अँटिबॉडी शोधत नाहीत. त्या यायला वेळ लागतो. थेट विषाणूची आरएनए शोधतात, म्हणजे संसर्ग काही दिवसांचा असतानाच कळतो. नुसतं रक्त न मागता त्या मुलींच्या हाती काहीतरी शिक्षण पडेल असा विचार झाला, हे मला ह्या संशोधनाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तिथे दिसलं ते धक्का देणारं होतं. सीडी-८ पेशी अगदी सुरुवातीला प्रचंड संख्येनं उठतात, पण त्यांतल्या बहुतेक लवकर मरतात आणि पुढच्यासाठी धड आठवणही ठेवत नाहीत. उलट ज्यांना संसर्ग कळताक्षणी गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्यात ह्या पेशी कमी उठल्या पण जास्त दमदार निघाल्या. लवकर तपासणी, लवकर गोळी ह्यामागे हेही एक कारण आहे.

"मग गोळ्यांनी विषाणू मरूनच का नाही जात?" हा काकूंचा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर इंदूरच्या सराफा बाजारात आहे. बाहेरगावचा माणूस दुपारी बारा वाजता सराफ्यात गेला तर त्याला सोन्याचांदीची दुकानंच दिसतील. भुट्ट्याचा कीस कुठे, दहीवडे कुठे? ते रात्री, दुकानं बंद झाल्यावर. एचआयव्हीची काही चिठ्ठी अशा सीडी-४ पेशींत चिकटलेली असते ज्या झोपलेल्या आहेत. पेशी झोपलेली, म्हणून चिठ्ठी वाचली जात नाही, म्हणून दोरीवर एकही कपडा नाही. मारेकरी पेशीला काही दिसत नाही आणि गोळीला काही सापडत नाही, कारण गोळ्या विषाणूची वाढ रोखतात आणि इथे वाढच नाही. गोळ्या सोडल्या की काही आठवड्यांत रात्र होते. ह्या साठ्याचा माग १९९७ च्या सुमारास लागला. जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिसियानो ह्यांच्या गटानं पुढे मोजलं की तो निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात. ह्या गतीनं तो पूर्ण संपायला सत्तरहून जास्त वर्षं. विषाणू लपतो त्या पेशी आपल्या आठवणीच्या पेशी आहेत. लहानपणीची लस आयुष्यभर पुरते ती ज्यांच्या जिवावर, त्याच.

काही एलिट कंट्रोलरांत मात्र ही चिठ्ठी वहीच्या अशा ओसाड पानांवर उरलेली आढळली जिथे कुणी वाचायला जातच नाही. अमेरिकेतल्या अशा एका बाईंच्या दीडशे कोटी पेशी तपासूनही अखंड विषाणू सापडला नाही, असं २०२० साली प्रसिद्ध झालं.

लशीचं काय? थोडक्यात सांगते, कारण ती कहाणी बरीचशी अपयशाची आहे. २००७ मध्ये एक मोठी चाचणी थांबवावी लागली. २००९ मध्ये थायलंडमधल्या सोळा हजार लोकांच्या चाचणीत संसर्ग सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसला, पण तीच वाट पुढे नेणारी दक्षिण आफ्रिकेतली चाचणी २०२० मध्ये बंद पडली. २०२३ मध्ये आणखी एक. आपल्याकडे पहिली एचआयव्ही लस-चाचणी २००५ साली पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली होती. भारतात मुख्यतः एचआयव्हीचा सी हा उपप्रकार आढळतो, त्यामुळे परदेशात एका प्रकारावर चाललेली लस इथे तशीच चालेल असं धरून चालत नाही. आणि भारतात १९८६ मध्ये मद्रासला एचआयव्ही पहिल्यांदा शोधणाऱ्यांत डॉ. सुनीती सॉलोमन होत्या, माहेरच्या गायतोंडे. मराठी घरातली ही बाई आपल्यात अजून पुरेशी ठाऊक नाही, ह्याची मला खंत आहे.

आशा सध्या एका वेगळ्या वाटेवर आहे. काही रुग्णांत दोन-तीन वर्षांनी अशा अँटिबॉडी तयार होतात की त्या साखरेच्या आवरणातल्या फटीतून हात घालून कितीतरी प्रकारच्या एचआयव्हीला रोखतात. रुग्णाला स्वतःला त्याचा फार फायदा होत नाही, विषाणू तोवर पुढे गेलेला असतो. पण आधीपासून असत्या तर? त्या बनवणाऱ्या पेशींना बरेच टप्पे पार करावे लागतात, म्हणून एकाच लशीऐवजी एकामागून एक वेगवेगळ्या लशी द्याव्यात असा विचार आहे. गुरू आधी नुसता षड्ज लावून घेतो, तसं. पहिल्या टप्प्याच्या लशीची छोटी चाचणी झाली. २०२२ मध्ये आलेल्या निकालात ३६ पैकी ३५ जणांमध्ये हव्या त्या पेशी जाग्या झाल्या होत्या. षड्ज लागला. पुढचे स्वर अजून बाकी आहेत.

तोवर आपल्याकडे गोळी आहे आणि ती चांगली आहे. भारतात १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रांत मोफत मिळते. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की सुरू करतात. आपल्या एम. वाय. हॉस्पिटलमध्येही केंद्र आहे, आणि शंका असेल तर १०९७ वर फोन करता येतो. तरी माझ्या पाहण्यातल्या एका घरात मुलाचं ताट-वाटी वेगळी काढली होती, आणि ते ताट त्याची आईच घासत होती, रडत. ताटातून हा विषाणू पसरत नाही. २०१७ चा कायदा नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई करतो, पण स्वयंपाकघरात कायदा शिरत नाही.

काकूंना शेवटी मी दोन कागदांबद्दल सांगितलं. नियमित गोळ्या घेणाऱ्या माणसाची अँटिबॉडीची तपासणी करा, ती पॉझिटिव्ह येते, दहा वर्षांनीही येते. त्याच दिवशी त्याच माणसाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, मोजा, कागदावर येतं "टार्गेट नॉट डिटेक्टेड". म्हणजे रक्तात मोजण्याइतकाही विषाणू नाही. असा माणूस लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग देत नाही. लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी टळतो, हे नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या अभ्यासात २०११ साली दिसलं होतं. त्या जोडप्यांत पुण्याची आणि चेन्नईची माणसंही होती.

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "म्हणजे पहिला कागद सांगतो की तो येऊन गेला, आणि दुसरा सांगतो की आत्ता काय चाललंय."

"येऊन गेला नाही काकू, घरातच आहे. झोपलाय."

"मग त्या आईला दुसरा कागद दाखव," त्या म्हणाल्या.